शेजारची जागा

परशराम भर दुपारी घरी आला तेव्हाच मालुबाईला कसंतरी झालं. सांबऱ्याच्या विमानांच्या मैदानावर कामाला लागल्यापासून तो दिवे लागायच्या आत कधी घरी आला नव्हता. ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. लुगड्याचा पदर भरत आला होता. बाहेर भिंतीला सायकल टेकल्याचा आवाज झाला, तो आत आला आणि हातातला पुडा त्यानं तिच्याजवळ ठेवला. पुड्यात गरम भजी होती. मग तो घागरीतलं पाणी प्यायला, पुन्हा एक तांब्या प्यायला, आणि खुंटीवरच्या आपल्याच सदऱ्याकडे बघत म्हणाला,

"आई, उद्या जाऊ नको इमानातनं."

"का रं?"

"वर लई थंडी असती. तुला सोसायची न्हाय."

सूत नेणारा धोटा तिच्या हातातच राहिला. पलीकडच्या घरातले माग चालू होते, त्यांची खटखट भिंतीतून येत होती. एवढ्या वर्षांत त्या आवाजानं तिचे कान अर्धे गेले होते, आणि म्हणून की काय, माणूस बोलायला लागला की ती त्याच्या शब्दांपेक्षा तोंडाकडे बघायची. परशराम तोंड दाखवत नव्हता.

"मग इंदुताईला?" ती म्हणाली. "त्यास्नीबी सांगतोस न्हवं?"

"त्येंचं तिकीट काढून झालंय." एवढं बोलून तो बाहेर गेला. सायकलचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि मागांच्या खटखटीत बुडाला. भजी तिथंच राहिली. तेल पुड्याच्या कागदावर हळूहळू पसरत गेलं.

जागा फुकट होती. लढाई संपल्यावर एका कंपनीनं लष्कराचं जुनं विमान विकत घेतलं होतं, त्याला पांढरा रंग दिला होता आणि त्या हिवाळ्यापासून बेळगाव ते मुंबई अशी फेरी सुरू केली होती. मैदानावरच्या प्रत्येक कामगाराला घरच्या एका माणसासाठी एकदा जागा मिळणार होती. परशरामनं लढाईत गोऱ्यांच्या हाताखाली इंजिनाचं काम शिकून घेतलं होतं, म्हणून कंपनीनं त्याला ठेवलं. आपली जागा त्यानं आईला देऊ केली तेव्हा मालुबाईला हसू आलं होतं, आणि मग रडू. तिची मुलगी अक्काताई मुंबईला दिली होती. जावई गिरणीत होता. अक्काताईचा धाकटा आता चालायला लागला असेल, आणि मालुबाईनं त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. गेले काही दिवस ती माग चालवताना त्या न पाहिलेल्या पोराशी मनातल्या मनात बोलत होती.

पण इंदुताईचं तिकीट फुकट नव्हतं. इंदुताई खडेबाजारातल्या सुबराव सावकाराची बायको. मालुबाईची लुगडी त्याच दुकानात जायची. इंदुताईला पाचवा महिना होता. मागच्या खेपेला माहेरी मुंबईला जाताना आगगाडीत तिच्या पोटात दुखायला लागलं आणि मिरजेच्या स्टेशनावरच सगळं संपलं. या वेळी सुबरावच्या मनात विमान होतं, पण त्याचा जीव धजत नव्हता. दुकानात लुगडी मोजून घेताना तो तेच बोलत होता. तेव्हा मालुबाई म्हणाली होती, "भ्या कशाचं सावकार? माझा परशराम हाय की तिथं. त्येनं हात लावल्याबिगर इमान हालत न्हाय." बोलताना तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. दुकानातली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. सुबराव हसला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं माणूस पाठवून इंदुताईची जागा धरली. मालुबाईच्या शेजारची.

आता तिनं धोटा टाकला, पण हात पुढे जाईना. काहीतरी बिघडलं होतं त्या विमानात. काय ते तिला कळणार नव्हतं, आणि कळून उपयोगही नव्हता. तिला एवढंच दिसत होतं की पोरानं तिला वाचवलं. भजी आणून, थंडीचं निमित्त सांगून, हळूच तिला त्या विमानातून खाली उतरवून घेतलं. बाकीच्यांना तसंच बसू दिलं. तिला वाटलं, आपल्याला बरं वाटायला हवं. कुठल्याही आईला बरं वाटेल. आणि खरंच, छातीच्या आत कुठंतरी तिला बरं वाटत होतं. त्या बऱ्या वाटण्याचीच तिला भीती वाटायला लागली. कारण ते तिला ओळखीचं होतं.

ती लहान असताना, प्लेगाच्या वर्षांत, एक दिवस बाप असाच अवेळी घरात आला होता. याच शहापूर पेठेत, दोन गल्ल्या पलीकडे. त्यानं पोरांच्या हातावर बत्तासे ठेवले. सणवार काही नव्हता. आईला तो हळू आवाजात म्हणाला, कंग्राळीला जायचं, आत्याकडं, आत्ताच. मालू कोपऱ्यात बसून बत्तासा चोखत होती. तिनं त्या दिवशी सकाळीच मागाच्या खड्ड्यात उंदीर मरून पडलेला बघितला होता, आणि बापानं तो राख टाकून, फडक्यात गुंडाळून कुठंतरी नेऊन टाकलेलाही बघितला होता. उंदीर पडला हे सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर सरकारची माणसं आली असती, त्यांनी कौलं उतरवली असती, माग बाहेर फेकला असता, सूत जाळलं असतं. हे तिला तेव्हा नाही कळलं. तिला एवढंच कळलं की मोठी माणसं घाईत आहेत आणि घाई लपवताहेत. शेजारच्या घराची आणि त्यांची भिंत एकच होती. शेजारची जयाबाई उंबऱ्यावर सागरगोटे खेळत बसली होती. मालूच्याच वयाची. बाप तिच्याजवळ थांबला, तिच्याही हातावर त्यानं एक बत्तासा ठेवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. फिरवताना तो गल्लीच्या तोंडाकडे बघत होता.

ते परत आले तेव्हा पिकं निघाली होती. जयाबाईच्या घराची कौलं काढलेली होती. ऊन घरात पडावं म्हणून सरकारनं तसं केलं होतं. मालूनं दारातून आत बघितलं. घर रिकामं होतं. चुलीवर ऊन पडलं होतं, जात्यावर ऊन पडलं होतं, देवाच्या कोनाड्यात ऊन पडलं होतं. बाहेर आणि आत एकसारखाच उजेड. तिला ते फार विचित्र वाटलं, आणि थोडं छानही वाटलं. बाप पुढं खूप वर्षं जगला. माणूस चांगला, सगळी गल्ली म्हणायची. कुणाच्या मयताला खांदा द्यायचा, कुणाच्या लग्नाला सूत द्यायचा. जयाबाईचं नाव त्यानं कधी काढलं नाही, आणि मालूनंही काढलं नाही. तिला बापाचा राग कधी आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुष्कळदा वाटायचं. ती जिवंत होती, तिला नवरा मिळाला, पोरं झाली, तिच्या हातची लुगडी लोक मागून न्यायचे. हे सगळं त्या दुपारवर उभं होतं. त्याचा राग कसा करायचा?

उन्हं कलल्यावर ती उठली आणि खडेबाजारात गेली. इंदुताईला सांगायचं असं तिनं ठरवलं होतं. वाटभर ती शब्द जुळवत होती. पण सांगणार काय? माझा पोरगा भजी घेऊन आलता? उद्या नको, पुढच्या फेरीला जा म्हणावं, तर सावकार कारण विचारेल. कारण कंपनीच्या कानावर जाईल. मग परशराम घरी बसेल. गोऱ्यांच्या शिव्या खाऊन त्यानं ती विद्या मिळवली होती. मागाच्या खड्ड्यात बसायचं नाही म्हणून तो सोळाव्या वर्षी भांडून घराबाहेर पडला होता. आता त्याच्या सदऱ्याला तेलाचा वास यायचा आणि तो वास तिला सुताच्या खळीच्या वासापेक्षा जास्त आवडायचा.

इंदुताई माजघरात बसून ट्रंक भरत होती. पोट थोडं दिसायला लागलं होतं. "मालुमावशी, बरं झालं आलात," ती म्हणाली. "मी विचारच करत होते, वर गेल्यावर कानात कापूस घालायचा म्हणतात, तो आत्ताच घ्यावा का तिथं देतात?"

"असूं दे की घेतल्याला," मालुबाई म्हणाली.

"तुम्ही आहात म्हणून मी तयार झाले हं. हे किती सांगत होते, पण मी नाहीच म्हणत होते. तुमचा हात धरून बसणार मी. हसायचं नाही."

मालुबाईनं तोंड उघडलं. इंदुताई तिच्याकडे बघत होती, हातात घडी केलेलं छोटं झबलं होतं. त्या क्षणी सांगणं सोपं होतं. पण मालुबाईची नजर आपोआप खिडकीकडे गेली, बाहेर कुणीतरी पोती उतरवत होतं, आणि तिला आपलं तोंड कसं दिसत असेल ते कळलं. ते बापाचं तोंड होतं. दुपारी परशरामचं होतं तेच.

"न्हाय हसत," ती म्हणाली. "धर की हात." चहा पिऊन ती घरी आली.

त्या रात्री परशराम जेवला, आडवा झाला. ती जाणार नाही असं तो धरून चालला होता. सकाळी तो नेहमीसारखा सायकल घेऊन गेला. मग मालुबाईनं आंघोळ केली, सणाचं लुगडं नेसली, अक्काताईसाठी बांधलेलं गाठोडं घेतलं आणि खडेबाजारात जाऊन सुबराव सावकाराच्या मोटारीत इंदुताईशेजारी बसली. ती काही ठरवून निघाली होती असं तिला वाटत नव्हतं. जायचं ठरलंच होतं, आणि ती जात होती. सांबऱ्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना जोंधळ्याची कणसं डुलत होती, त्यावर दहिवर होतं. इंदुताई सारखी काहीबाही बोलत होती. मालुबाई व्हय व्हय म्हणत होती.

मैदानावर पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांची वजनं केली. धान्याच्या पोत्यासारखं काट्यावर उभं राहताना इंदुताईला लाज वाटली. मुंबईच्या कोर्टात निघालेले एक वकील होते, ते सारखं घड्याळ बघत होते. बाहेर विमान उभं होतं, नाक वर, शेपूट जमिनीला. शिडीजवळ परशराम होता. त्यानं आईला बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला. तो जवळ आला, तिचं कोपर धरून तिला बाजूला घेऊन गेला.

"तुला नगं म्हणून सांगिटलंतं न्हवं?"

"थंडीचं सांगिटलंतास. ही बघ शाल आणलीया."

"आई!" तो कुजबुजला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तोही झोपला नव्हता तर. "डाव्या इंजनाची तेलाची नळी चिरलीया. मुंबईसनं नवी यायची हाय, आज-उद्या करत महिना झाला. चीर झाळून, डाग दिऊन बसवलीया. सायेब म्हणतोय चालंल. सही केलीया त्येनं."

"चालंल?"

"मागच्या दोन-चार फेऱ्या चालली की."

"मग तू कशापाय नगं म्हणतोस?"

तो तिच्या चपलांकडे बघत राहिला. तिला त्याची दया आली. लहानपणी ताप आला की तो असाच उभा राहायचा, कुणीतरी आपल्याला उचलावं म्हणून. "मी बोललो तर मला काढत्यात," तो म्हणाला. "दुसरा उभाच हाय दारात. आनि त्योबी झाळूनच चालवंल. कुणाचं काय थांबायचं न्हाय त्येनं."

"बरं," ती म्हणाली. "चालंल म्हणतोस तर चालंल. मी बसतो जाऊन."

ती वळली. त्यानं पुन्हा कोपर धरलं नाही. विमानाच्या आत चढ होता, डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्यांसारखा; अंग पुढं झुकवून चालावं लागत होतं. रंगाचा आणि रॉकेलसारखा कसलातरी वास होता. इंदुताई खिडकीशी बसली, ती शेजारी. पट्टा कसा बांधायचा ते एका माणसानं दाखवलं. चौकोनी खिडकीतून डाव्या बाजूचा पंख दिसत होता, त्यावरचं इंजिन दिसत होतं, आणि खाली सिमेंटवर लहानसा परशराम दिसत होता. चाकापुढं लाकडाचे ठोकळे लावलेले होते, त्यांची दोरी त्याच्या हातात होती. दार लागलं. इंदुताईनं तिचा हात धरला. घामेजलेला, मऊ हात.

आधी पलीकडचं इंजिन चालू झालं. सगळं विमान हाडांपर्यंत थरथरायला लागलं. मग अलीकडचं. त्यातून निळा धूर आला आणि उडून गेला, पंख्याची पाती फिरता फिरता दिसेनाशी झाली. मालुबाईला वाटलं, हजार माग एकदम सुरू झालेत. त्या आवाजात विचार करता येत नव्हता. भीतीही नीट वाटत नव्हती. पोरगा तिला दिसत होता एवढंच. त्याचा सदरा वाऱ्यानं पाठीला चिकटला होता. कुणीतरी पुढून हात हलवून त्याला खूण केली. दोरी ओढायची खूण असावी. तो हलला नाही. पुन्हा खूण झाली. शेडमधून टोपीवाला साहेब बाहेर आला, त्याचं तोंड उघडझाप होताना दिसलं. परशराम दोरी हातात घेऊन उभा होता. तो खिडकीकडे बघत होता, पण काचेवर ऊन होतं, त्याला आतलं काही दिसत असेल असं वाटत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यानं दोरी खाली टाकली, पुढं दूर, विमानाच्या नाकाच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि बंद करा म्हणून दोन्ही हातांची डोक्यावर फुली केली. तसाच उभा राहिला, फुली न सोडता.

आवाज उतरला. पाती दिसायला लागली, मोजता यायला लागली, थांबली. त्या शांततेत वकील मोठ्यानं काहीतरी इंग्रजीत बोलले.

सगळ्यांना खाली उतरवलं. पायलट स्वतः शिडीचा घोडा लावून डाव्या इंजिनापाशी चढला, झाकण उघडायला लावलं, आत हात घातला. हात बाहेर आला तो मनगटापर्यंत काळा होता. सही केलेला तो टोपीवाला साहेब म्हणाला, एवढं तेल गळतंच, जुन्या इंजिनाला हे असायचंच. पायलटनं हात पुसला, फडकं टाकून दिलं आणि म्हणाला, आज मी नेत नाही. नळी पुढं फुटली असती का, कुणी सांगू शकलं नसतं. कदाचित मुंबईपर्यंत टिकली असती. कंपनीच्या मॅनेजरनं परशरामला शेडमध्ये बोलावलं आणि तो लगेचच बाहेर आला. आपला डबा आणि सायकल घेऊन.

सुबराव अजून गेला नव्हता. विमान उडेपर्यंत थांबायचं म्हणून तो मोटारीशी उभा होता. तो मालुबाईजवळ आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मालुबाई," त्यानं विचारलं, "तुम्हांला हे ठाऊक होतं?"

"काय बिघडलंय ते न्हवतं ठाऊक."

"पण काहीतरी आहे, हे?"

"व्हय."

"कधीपासनं?"

"काल दुपारधरनं."

तो तिच्याकडे बघत राहिला. काल संध्याकाळी ती त्याच्या घरी चहा प्यायली होती, हे त्याला आठवत होतं, तिलाही आठवत होतं. तो रागावला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण तो फक्त वळला, इंदुताईला हाताला धरून मोटारीत बसवलं आणि दार लावून घेतलं. इंदुताईनं काचेतून एकदा मागं बघितलं. मोटार धूळ उडवत गेली. सुबराव आता तिची लुगडी घेणार नाही, हे मालुबाईला तेव्हाच कळलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मायलेकरं चालत निघाली. परशराम सायकल हातानं ढकलत होता, मागं तिचं गाठोडं बांधलं होतं. ऊन चढलं होतं, दहिवर वाळून गेलं होतं, कणसं राखायला बसलेलं कुणीतरी मचाणावरून हाकारे घालत होतं. वाटेत बसवन कुडची गाव लागलं. तिथं एका विहिरीवर दोघं पाणी प्याली. परशरामनं तोंडावर पाणी मारून घेतलं, आणि तोंड न पुसताच म्हणाला,

"आई, तू आली नसतीस तर मी दोरी वडली असती."

"म्हायती हाय," ती म्हणाली.

त्याला काहीतरी वेगळं ऐकायचं असावं. निदान, न्हाय रं, तू तसला न्हाईस, असं. पण तिनं ते दिलं नाही. ते खोटं झालं असतं, आणि आज खोट्याचा तिला कंटाळा आला होता. दोघं पुन्हा चालायला लागली. सायकलची साखळी किरकिरत होती. मग तो थांबला आणि या वेळी तिच्या तोंडाकडे बघून त्यानं विचारलं,

"आनि मी वडली असती तर? तशीच बसून गेली असतीस तू?"

"उतरू कशी? दार लावलं हुतं की."

तो हसला. आज पहिल्यांदाच. सायकल ढकलत तो पुढं झाला, त्याची पाठ सैल पडली होती, आईनं आपल्यावर भार टाकला आणि तो आपण पेलला असं काहीतरी त्याच्या चालण्यात होतं. मालुबाई मागून चालत राहिली. दार लावलेलं होतं, हे खरंच होतं. पण निळा धूर सोडणारं ते इंजिन सुरू झाल्यावर परशराम दोरी धरून उभा होता, त्या मधल्या वेळात आपलं तोंड उघडलं होतं हे तिला आठवत होतं. घसा ताणला गेला होता, आता दुखत होता तो. मला खाली घ्या, असं आपण ओरडलो का, आणि ओरडताना इंदुताईचा हात सोडला होता का, ते मात्र तिला काही केल्या आठवेना. त्या आवाजात तिला स्वतःचाही आवाज ऐकू आला नव्हता. ऐकला असेल तर शेजारी बसलेल्या इंदुताईनंच.